जुने इंग्रजी साहित्य वाचताना : ओळखीच्या शब्दांपासून सावध

इंग्रजी साहित्याच्या वर्गात शेक्सपिअर प्रथम हाती येतो, तेव्हा मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी अनोळखी शब्दांची धास्ती घेतात. शिकताना आणि पुढे शिकवताना मला आलेला अनुभव मात्र वेगळा आहे. 'फेन' (आनंदाने) किंवा 'अनॉन' (लवकरच) यांसारखे शब्द अडले की आपण कोश उघडतो आणि अडचण तिथेच संपते. उलट आजही रोजच्या वापरात असलेला शब्द जुन्या अर्थाने आलेला असेल, तर तो आपल्याला अडवतच नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात मृत पित्याच्या भुतामागे निघालेला राजपुत्र हॅम्लेट, आपल्याला 'लेट' करील त्याचेच भूत करीन, असे मित्रांना बजावतो. तेथे 'लेट' म्हणजे करू देणे नव्हे, तर रोखणे. भारतीय पासपोर्टवरील 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' या शब्दांत तो अर्थ अजून जिवंत आहे. जेन ऑस्टिनच्या 1813 च्या कादंबरीतील पहिल्याच वाक्यातला 'वॉन्ट'देखील इच्छेपेक्षा उणीव सांगतो.

'दाऊ' (जवळिकीचे 'तू') आणि 'यू' (आदराचे किंवा अंतर राखणारे 'तुम्ही') या जुन्या सर्वनामांच्या बाबतीत मात्र मराठी वाचकाच्या कानावर तू-तुम्हीचे संस्कार आधीपासूनच असतात, आणि ही फार मोलाची शिदोरी आहे. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात त्याची आई, राणी, हॅम्लेटला 'दाऊ' म्हणून, तू वडिलांना (म्हणजे सावत्र वडिलांना) दुखावलेस, असे सुनावते. तो तेच वाक्य 'यू' वापरून तिच्यावर उलटवतो, आणि लगेच तीही 'यू'वर येते. मायलेकरांमधले अंतर तीन ओळींत, केवळ सर्वनामांनी वाढते. मला हा नाटकातील सर्वांत बोचरा क्षण वाटतो. सोप्या आधुनिक इंग्रजीतील रूपांतरांत दोन्हीकडे 'यू'च येत असल्याने तो पूर्णपणे हरवतो, म्हणून अशी रूपांतरे कथानक समजण्यापुरतीच वापरावीत. हा निकष सर्वत्र लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे : 1611 च्या बायबलमध्ये 'दाऊ' केवळ एकवचन दाखवते, म्हणून देवालाही तेच आणि सेवकालाही तेच.

कोश निवडताना 1928 मध्ये प्रथम पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाला मी अग्रक्रम देते, कारण त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे असतात. आधी कृतीचे साल पाहावे, मग त्या काळात प्रचलित असलेले अर्थ वाचावेत आणि त्यांतला कोणता अर्थ त्या प्रसंगात बसतो, हे टिपांसह छापलेल्या आवृत्तीशी ताडून पाहावे.