वृद्धाश्रम बंद होणार असल्याची नोटीस आली, तर काय करावे?

आपले माणूस राहते तो वृद्धाश्रम बंद होणार असल्याची नोटीस हाती पडली, की बहुतेक कुटुंबे त्याच दिवसापासून दुसरी जागा शोधू लागतात. ते स्वाभाविक आहे. पण त्याआधी बंद करण्याचे कारण, नेमकी तारीख आणि अनामत रक्कम परत करण्याची मुदत संचालकांकडे लेखी मागावी आणि आपल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

तक्रार कुठे करायची, हे संस्थेची नोंदणी कशी आहे यावर ठरते. मुंबईतील संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) असेल, तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात जावे. मुंबईत जागेचे मोल मोठे असल्याने इमारत विकण्यासाठीच आश्रम बंद केला जात नाही ना, हे मुद्दाम तपासावे, कारण 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती मिळण्याआधीच रहिवाशांना हलवले जात असेल, तर लेखी हरकत नोंदवावी. रुग्णशुश्रूषा देणाऱ्या केंद्रासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. खासगी संस्थेने अनामत अडवून ठेवली, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलावे. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत 2 वर्षांची आहे.

ज्यांना कोणीच नाही, त्यांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. मात्र ती शासनाला बंधनकारक नाही, आणि ही त्या कायद्यातील मोठी उणीव आहे, असे मला वाटते. अशा रहिवाशांची यादी संस्थेने जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण विभागाकडे वेळेत द्यावी, असा आग्रह इतर कुटुंबांनीच धरावा. 14567 या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवरही (एल्डरलाइन) मार्गदर्शन मिळते.

हलवताना फक्त फाइल घेऊन निघू नये. कोणती गोळी शेवटची केव्हा दिली, इन्सुलिनचे किती युनिट दिले, पाठीवर शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) आहे का, हे परिचारिकेच्या सहीने कागदावर घ्यावे. स्मृतिभ्रंश असलेल्या आजी कोणत्या हाकेला ओ देतात आणि घास कसा भरवला तर गिळतात, हे रोज सांभाळणाऱ्या मावशींनाच ठाऊक असते. म्हणून शक्यतो सकाळी हलवावे आणि त्या मावशींचे नव्या ठिकाणच्या मावशींशी फोनवर बोलणे करून द्यावे.