लिनक्सवर ब्राउझर उघडत नाही तेव्हा: सपोर्टच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान संगणक-सेवा कार्यालयात मी नोकरीला लागले, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्ष पॅकहाउसमधून फोन आला. हंगाम ऐन भरात होता, निर्यातीच्या मालाची नोंद अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर करायची होती आणि उबुंटू ही लिनक्स प्रणाली असलेल्या संगणकावर क्रोम उघडत नव्हते. तेथे पोहोचताच मी क्रोम काढून टाकले आणि पुन्हा बसवले. तरीही ते उघडेना, म्हणून तेच दुसऱ्यांदा केले. तासभर गेल्यावर कार्यालयातील वरिष्ठांना फोन लावला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पडद्यावर काय लिहिलं आहे, ते मला शब्दशः वाचून दाखव."

पडद्यावर दर वेळी एक लहान चौकट येत होती. ऑपरेटर ती न वाचता बंद करत होता आणि मीही तेच करत होते. दुसऱ्या संगणकावरील क्रोम हे प्रोफाइल (वापरकर्त्याची ब्राउझरमधील माहिती) वापरत आहे, असे तिच्यात इंग्रजीत लिहिले होते आणि त्या दुसऱ्या संगणकाचे म्हणून जे नाव दिले होते, ते याच यंत्राचे जुने नाव होते. आदल्या दिवशी नेटवर्कवर दोन यंत्रांची नावे सारखी येत होती, म्हणून मीच एकाचे नाव बदलले होते. त्या वेळी क्रोम उघडे होते आणि संध्याकाळी वीज गेली. क्रोम आपल्या प्रोफाइलच्या फोल्डरात कुलपासारखी एक खूण ठेवते, जिच्यात यंत्राचे नाव आणि प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, क्रमांक असतो. नाव स्वतःचेच असेल, तर ती प्रोसेस जिवंत आहे की नाही हे तपासून क्रोम जुनी खूण स्वतःच दूर करते. नाव वेगळे असेल, तर तपासण्याचा मार्ग नसल्यामुळे माहिती बिघडू नये म्हणून ते उघडण्यास नकार देते. कुलूप काढून पुन्हा सुरू करण्याचे बटण त्याच चौकटीत होते.

नवीन माणसाने यातून नेमके काय उचलावे, तर ब्राउझरचा प्रोग्राम आणि वापरकर्त्याची माहिती या दोन वेगळ्या जागी राहणाऱ्या गोष्टी आहेत. पॅकेज काढून पुन्हा टाकल्याने प्रोग्रामच्या फाइली बदलतात, पण होम फोल्डरातील, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरातील, प्रोफाइलला सहसा धक्काही लागत नाही. मी आजवर हाताळलेल्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ होम फोल्डरातच निघाले आहे.

म्हणून तेथे गेल्यावर मी आधी विचारते, की क्लिक केल्यावर काहीच होत नाही, खिडकी क्षणभर दिसून जाते, की संदेश येतो? मग आधीची एखादी प्रोसेस मागे अडकून पडली आहे का, हे पाहते आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची खिडकी, उघडून ब्राउझर तेथून नावाने चालवते. चिन्हावर क्लिक केल्यावर जे संदेश कोणालाच दिसत नाहीत, ते येथे दिसतात. शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती फाइल) सापडत नाही, डिस्प्ले उघडता येत नाही, परवानगी नाही, डिस्कवर जागा नाही, यांपैकी प्रत्येक वाक्य वेगळ्या दिशेला नेते. संदेश नसेल, तर प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो क्रमांक टर्मिनललाच विचारून घ्यावा. 139 म्हणजे प्रोग्राम मेमरीच्या चुकीमुळे कोसळला. 137 म्हणजे त्याला बाहेरून ठार केले गेले, आणि कमी रॅमच्या यंत्रावर हे काम अनेकदा मेमरी संपल्यामुळे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभाच, करतो, ज्याची नोंद जर्नल या प्रणालीच्या नोंदवहीत सापडते.

डिस्कवरील जागा डीएफ या आज्ञेने दिसते. जागा शिल्लक दिसत असूनही फाइल तयार होत नसेल, तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी डिस्कवरची नोंद) संपले आहेत का, हेही त्याच आज्ञेला विचारता येते.

यानंतरची चाचणी माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. त्याच यंत्रावर एक नवा वापरकर्ता तयार करावा, त्याच्या खात्यात लॉगिन करावे आणि ब्राउझर उघडून पाहावा. तेथे तो उघडला, तर प्रोग्राम, लायब्ररी आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांच्यावरचा संशय जवळजवळ फिटतो आणि शोध जुन्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरापुरता उरतो. तेथेही उघडला नाही, तर प्रोफाइलमध्ये वेळ घालवू नये. दोष जुन्या होममध्येच निघाला आणि ब्राउझर फायरफॉक्स असेल, तर जुन्या खात्यात तो टर्मिनलवरून वजा चिन्ह आणि मोठा पी जोडून चालवल्यास प्रोफाइल निवडण्याची खिडकी येते, तेथे नवे प्रोफाइल करून पाहावे. जुन्या प्रोफाइलचा फोल्डर मात्र कधीही पुसू नये, कारण ग्राहकाचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्यातच असतात. त्याचे नाव बदलून बाजूला ठेवावे. एप्रिल 2022 मध्ये आलेल्या उबुंटू 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात येते, त्यामुळे प्रोफाइल मोझिलाच्या जुन्या जागी न सापडता होममधील स्नॅप या फोल्डराच्या आत सापडते.

होममध्येच दडलेले दुसरे कारण माणसांनी निर्माण केलेले असते. ब्राउझर उघडत नाही म्हणून कोणीतरी तो सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवतो, त्या वेळी प्रोफाइलमधील काही फाइली रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या खात्याच्या, मालकीच्या होऊ शकतात आणि मग साध्या वापरकर्त्याला त्या लिहिता येत नाहीत. फाइलींची यादी मालकासह पाहिली, की हे दिसते आणि चाउन या आज्ञेने मालकी परत दिली, की सुटते.

सँडबॉक्स, म्हणजे वेबपानांना उरलेल्या यंत्रापासून वेगळे ठेवणारे कुंपण, बंद करणारा पर्याय जोडून क्रोमियम (क्रोम ज्यावर बेतले आहे तो मुक्त ब्राउझर) चालवा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो घेऊ नका. उबुंटू 24.04 मध्ये ॲपआर्मर या सुरक्षा-यंत्रणेने साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसवर (ज्यांच्या आधारे सँडबॉक्स उभा राहतो) निर्बंध घातले आहेत, त्यामुळे इंटरनेटवरून उतरवून होममध्ये नुसती उघडलेली क्रोमियमची प्रत वापरण्याजोगा सँडबॉक्स नसल्याचे सांगून बंद पडू शकते. अशा वेळी अधिकृत पॅकेज बसवावे, कारण ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, त्याचे संरक्षण काढून ब्राउझर उघडून देणे हे ग्राहकाचे नुकसान आहे.

आता आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांसमोर मी डिस्क पूर्ण भरलेले एक यंत्र ठेवते आणि त्यावर फायरफॉक्स उघडत नाही, एवढेच सांगते. दुरुस्ती झाली की नाही, यापेक्षा पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी टर्मिनलवरचा संदेश वाचला का, हे मी कागदावर लिहून ठेवते.