धवल्याचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवण्याआधी

मी घणसोली गावातली. महापे एमआयडीसीत एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी धवलारणींच्या घरी जाऊन त्यांची गाणी रेकॉर्ड करते. आगरी-कोळी लग्नात मांडव, हळद, देवांना आवतण, प्रत्येक विधीला धवला, म्हणजे त्या विधीचं पारंपरिक गाणं, असतो. तो पाठ असलेल्या बायका आता थकल्यात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत बरीच मंडळी फोनवर त्यांचं शूटिंग करून थेट यूट्यूबवर टाकतात. ही धडपड मोलाची आहे. पण नंतर फोन भरतो, मूळ फाइल उडवली जाते आणि आजीचा धवला उरतो तो एकाच कंपनीच्या ताब्यात. हे टाळण्यासाठी मी जे करते ते इथे सविस्तर लिहितेय.

आधी अडचण नेमकी काय आहे ती बघा. यूट्यूबचं पान उघडलं की कंपनीचा जावास्क्रिप्ट प्रोग्राम तुमच्या फोनमध्ये उतरतो आणि तिथेच चालतो. व्हिडिओ कसा दिसणार, जाहिरात कधी येणार, पुढे काय सुचवायचं, कुठली नोंद कंपनीकडे जाणार, हे त्यात ठरलेलं असतं. आपल्याला तो वाचून समजत नाही, बदलता येत नाही, सुधारून दुसऱ्याला देता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी २००९ मध्येच याकडे लक्ष वेधलं होतं: आपण काही इन्स्टॉल केलं नाही असं वाटतं, पण नुसतं पान उघडल्याने परका प्रोग्राम आपल्या मशीनवर चालू झालेला असतो. प्रोग्राम चालवणं, वाचणं, बदलणं आणि वाटणं, ही चार स्वातंत्र्यं वापरणाऱ्याला असली पाहिजेत, हे मी मनापासून मानते. आपल्या आजीचं गाणं ऐकण्यासाठी तर ती सोडावी लागू नयेत.

शिवाय व्हिडिओ कायम तिथेच राहील याची हमी नसते. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकही होतं. आमच्याकडच्या कितीतरी पोरापोरींचे नाच त्यावर होते. ज्यांनी मूळ फाइल फोनमध्ये ठेवली होती, त्यांचंच काम वाचलं. यूट्यूबवर आणखी एक धोका आहे. तिथली कंटेंट आयडी यंत्रणा तुमचा आवाज कंपन्यांनी दिलेल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघते. पारंपरिक चाल एखाद्या कंपनीच्या सीडीत असेल तर तिचा दावा तुमच्या व्हिडिओवर लागू शकतो, आणि चाल गावाची आहे हे यंत्रणेला कळत नाही.

म्हणून पहिलं काम रेकॉर्डिंगच्या वेळचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेरा चालू ठेवून गाणाऱ्या बाईंना विचारा: तुमचं नाव, गाव, हा धवला कुठल्या विधीचा, कोणाकडून शिकलात? मग परवानगी मागा. नुसतं "टाकू का?" विचारून भागत नाही. कोणीही हे उतरवून घेऊ शकेल, दुसऱ्याला देऊ शकेल, शाळेत लावू शकेल, त्यात भर घालू शकेल, हे एकेक करून सांगा. हळदीला डीजेवाला यावर बीट लावून वाजवू शकेल, हेही सांगा. मी ते मुद्दाम विचारते, कारण काहीजणींना त्याचं कौतुक वाटतं आणि काहीजणींना ते मुळीच चालत नाही.

धवला परंपरेचा असला तरी त्या दिवशी त्या बाईंनी तो गायला, त्यावर त्यांचा हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली कलावंताचा हक्क ५० वर्षांचा आहे. कलम ३८-ब प्रमाणे आपलं नाव लागावं आणि गाण्याची मोडतोड होऊ नये, असं म्हणण्याचा हक्कही त्यांना आहे. त्या हो म्हणाल्या तर मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'बीवाय-एसए ४.०' परवाना लावते: नाव द्या, आणि त्यातून काही नवं केलंत तर तेही याच अटीवर वाटा. त्या नाही म्हणाल्या तर ते रेकॉर्डिंग घरच्यांपुरतं राहतं. सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर माझा कितीही विश्वास असला तरी गाणारीचा शब्द शेवटचा.

मूळ फाइल फोनमधून केबलने काढा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवून घेऊ नका, दाबली जाऊन तिचा दर्जा जातो. दोन हार्ड डिस्कवर प्रती करा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. माझी आत्याकडे असते. मूळ फाइल म्हणजे जमिनीचा सातबारा, तो आपल्याच कपाटात हवा. पूर्वी चढवलेल्या व्हिडिओंच्या मूळ फाइल हरवल्या असतील तर गूगलच्या टेकआउट सेवेतून स्वतःच्या चॅनलचे सगळे व्हिडिओ एकदम मागवता येतात.

आता वाटण्यासाठी वेगळी प्रत तयार करायची. फोन बहुतेक करून एच-२६४ किंवा एचईव्हीसीत रेकॉर्ड करतो आणि व्हिडिओ दाबून साठवायच्या या दोन्ही पद्धती पेटंटच्या जाळ्यात आहेत. व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारा हँडब्रेक हा मुक्त, म्हणजे वरची चारही स्वातंत्र्यं देणारा, प्रोग्राम घ्या. त्यात फाइलचा प्रकार वेबएम निवडा, दाबायच्या पद्धती चित्रासाठी व्हीपी९ आणि आवाजासाठी ओपस. एव्ही१ या नव्या पद्धतीत फाइल आणखी लहान होते, पण गावातल्या जुन्या फोनवर ती अडखळते, म्हणून मी अजून व्हीपी९ वरच आहे. ७२०पी पुरे होतं. धवल्यात आवाजाला महत्त्व आहे, तो मात्र कंजूषपणे दाबू नका. आणि नवी प्रत झाली म्हणून मूळ फाइल पुसू नका.

ठेवायचं कुठे? माझं उत्तर पीअरट्यूब, म्हणजे कुणालाही आपल्या सर्व्हरवर व्हिडिओंची साइट चालवू देणारं मुक्त सॉफ्टवेअर. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेच्या पाठबळावर हे सॉफ्टवेअर वाढलं आणि २०१८ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. इथे कुणी एक मालक नाही. वेगवेगळ्या लोकांचे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या मानकाने एकमेकांशी बोलतात. पीअरट्यूबच्या पानावरही जावास्क्रिप्ट चालतं, पण तो कोड एजीपीएल परवान्याखाली खुला आहे. सर्व्हर चालवणाऱ्याने त्यात फेरफार केला तर बदललेला कोड वापरणाऱ्यांना द्यावा लागतो. मला ही अट फार महत्त्वाची वाटते, कारण सर्व्हर दुसऱ्याच्या घरी असला तरी आत काय चाललंय ते बघण्याचा हक्क आपला राहतो.

सर्व्हर निवडताना घाई नको. सेपिया सर्च या पीअरट्यूबच्या शोधयंत्रावर आपल्या विषयाजवळचे व्हिडिओ शोधा, ते कुठल्या सर्व्हरवर आहेत बघा आणि त्याचं माहितीचं पान नीट वाचा. चालवणारे कोण, खर्च कुठून भागतो, किती जागा देतात, नवीन माणसाला घेतात का? पुष्कळ ठिकाणी जागा मोजकीच असते आणि खातं मागताना कारण लिहावं लागतं. आपण कोण, काय साठवतोय, हे दोन-चार ओळींत सरळ लिहा. स्वतःचा सर्व्हर उभारायची हौस अनेकांना असते. दर अपडेटला हात लावणारा आणि बॅकअप तपासणारा माणूस मंडळात कायमचा असेल तरच त्यात पडा. मी हेच काम पोटासाठी करते, तरी गावासाठी एकटीच्या भरवशावर सर्व्हर उभारलेला नाही.

चढवताना परवाना निवडा, डाउनलोडची सोय चालू ठेवा, भाषा मराठी लावा आणि वर्णनात गाणारीचं नाव सगळ्यात आधी लिहा. एक गोष्ट बघणाऱ्यांनाही सांगायला हवी. सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून पीअरट्यूब बघणाऱ्यांना एकमेकांकडून व्हिडिओचे तुकडे घेऊ देतं, आणि त्यात तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, दुसऱ्या बघणाऱ्याला दिसू शकतो. नको असेल तर सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.

दुसरी प्रत इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयावर ठेवा. परवाना मुक्त असेल आणि विषय माहितीपर असेल तर विकिपीडियाच्या चित्र-व्हिडिओंचा साठा असलेल्या विकिमीडिया कॉमन्सवरही. कॉमन्स एमपी४ घेत नाही, म्हणून वर केलेली वेबएम प्रत इथे कामाला येते.

यूट्यूब चॅनल बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. मामा, काकी, पनवेल-उरणचे पाहुणे सगळे तिथेच आहेत. तिथे धवल्याचा एक तुकडा ठेवा आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत पूर्ण व्हिडिओचा पीअरट्यूबवरचा पत्ता द्या. लग्नाच्या ग्रुपवरही तोच पत्ता पाठवा. बघायला खातं लागत नाही, जाहिरात येत नाही.

ज्यांना यूट्यूबवरचंच बघायचं असेल त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर न्यूपाइप आणि कॉम्प्युटरवर फ्रीट्यूब ही मुक्त ॲप आहेत. न्यूपाइप प्ले स्टोअरवर नाही, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून घ्यायचं. यूट्यूबने आत काही बदललं की ही ॲप अधूनमधून अडतात आणि अपडेट आली की पुन्हा चालतात. फोनवर चालणारा प्रोग्राम तेवढा मोकळा होतो. व्हिडिओ मात्र त्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येतो.

पीअरट्यूबचा सर्व्हरही उद्या बंद पडू शकतो, माणसं दमतात, पैसे संपतात. म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये निर्यातीची सोय आहे ती वापरा. व्हिडिओ, वर्णनं, चॅनलची माहिती एकत्र बांधून मिळते आणि दुसऱ्या पीअरट्यूब सर्व्हरवर आयात करता येते. सर्व्हरवाल्याने ती सोय चालू ठेवली आहे का, हे खातं काढायच्या आधीच विचारून घ्या. लग्नसराई संपली, नवे व्हिडिओ चढवून झाले, की मी निर्यात काढून आत्याकडच्या डिस्कवर टाकते आणि त्यातले एक-दोन व्हिडिओ उघडून आवाज नीट येतोय ना ते ऐकते.