ट्यूमर बोर्डाला जाताना आधी सीडी घ्या, मग बाकी सगळं

बाबांच्या लिव्हरच्या गाठीची केस ट्यूमर बोर्डासमोर, म्हणजे वेगवेगळे डॉक्टर एकत्र बसून कॅन्सरचे उपचार ठरवतात त्या बैठकीत ठेवायची होती, ठाण्याहून नवी मुंबईला मी जाडजूड फाइल घेऊन गेलो आणि सीटी स्कॅनची सीडी घरी कपाटावरच राहिली. बोर्ड आठवड्यातून एकदाच बसायचा. केस पुढच्या आठवड्यावर गेली, तो आठवडा आईने कसा काढला ते मलाच माहीत.

आधार, इन्शुरन्सचे कागद तुम्ही घेताच. सीडी घ्या. रिपोर्ट आहे ना, मग झालं, असं मलाही वाटलं होतं. पण सिरॉसिस (लिव्हर कायमचं कडक, खराब होणं) असेल तर लिव्हर कॅन्सरचं निदान बऱ्याचदा बायोप्सी न करता स्कॅनवरूनच होतं, गाठ आर्टेरियल फेजमध्ये (शिरेतून दिलेलं औषध धमन्यांत पोचतं तेव्हाच्या चित्रांत) उजळते का आणि नंतरच्या फेजमध्ये बाजूच्या लिव्हरपेक्षा काळपट दिसते का, हे तिथल्या रेडिऑलॉजिस्टला स्वतः बघायचं असतं. सर्जनला पोर्टल व्हेन, म्हणजे लिव्हरला रक्त नेणारी मोठी शीर बघायची असते, टेस (गाठीच्या रक्तवाहिनीतून औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणं) करणाऱ्याला गाठीला रक्त कुठून जातं ते. फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो कुणी बघत नाही. जुना स्कॅन असेल तर त्याचीही सीडी, गाठ किती वाढली ते त्यावरूनच कळतं. आणि आदल्या दिवशी सीडी उघडून बघा, रिकामी निघाली तर सेंटरवरून अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या.

रक्ताचे रिपोर्ट ताजे हवेत, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन, एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणी), शिवाय हिपॅटायटिस बी आणि सी. उरलेल्या लिव्हरला उपचार किती झेपतील यावर अर्धा निर्णय असतो, म्हणून पोटात पाणी झालं होतं का, माणूस मध्येच गुंगीत जातो का, रात्री जागा राहतो का, हे घरातल्यांनी लिहून न्या. एंडोस्कोपीचा रिपोर्टपण, कारण अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटायची भीती असेल तर काही औषधं देता येत नाहीत. चालू गोळ्यांची यादी, त्यात काढे आणि चूर्णंसुद्धा, डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका.

ट्रान्सप्लांटचा सर्जन बोर्डात आहे का विचारा. एकच गाठ 5 सेंमीपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक 3 सेंमीच्या आत, असं असेल तर तो विषय निघायलाच हवा, एकाच डॉक्टरचं ऐकून घाईत दुसरं काही सुरू करू नका.

निर्णय लेखी घ्या, पुढे फोन कुणाला करायचा तेही. डबा, पाणी, सोबत एक माणूस. ठाणे-बेलापूर रोडला ट्रॅफिक असतं, लवकर निघा. निघताना दारातच बॅग उघडून सीडी हाताला लागतेय का बघा.