एका चाकूत उलथणं

नुसत्या चाकूने लाकूड तासून वस्तू घडवणं म्हणजे व्हिटलिंग. पटाशी आणि हातोडी आली की ते कोरीवकाम, लेथवर फिरवलं की कातकाम. पहिली वस्तू म्हणून छोटं उलथणं बरं: सपाट, कामाचं, आणि बिघडलं तरी चुलीत जातं.

लाकूड शिवणीचं घ्या. मऊ आणि एकसारखं असतं. सागात वाळूसारखे कण असतात, धार लगेच जाते. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा तासायला सोपा, पण कढईत टिकणार नाही. तुकडा २० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, दीड सेंमी जाड हवा. गाठ नको, आणि फांदीचा मधला गाभा तर नकोच, वाळताना तिथूनच तडा जातो. लाकूड ओलं असेल तर काम अर्धवट सोडताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

चाकू न मिटणारा, पातं ६-७ सेंमी. १००० नंबरच्या दगडावर धार लावून चामड्याच्या पट्ट्यावर ओढा. कागद हवेत धरून सरळ कापला गेला तर धार पुरेशी. बोथट चाकूला जोर लागतो, आणि जोरात निसटलेला चाकूच हात कापतो.

पेन्सिलीने आकार काढा. मूठ जिथे सुरू होते तिथे दोन्ही कडांना आडवा, ३-४ मिमी खोल छेद द्या, मग मुठीच्या बाजूने त्या छेदाकडे तासत या. ढलपी तिथेच तुटते, पुढे फाटत नाही. एकदम खोल जाऊ नका, हेच पुन्हापुन्हा करत मूठ बारीक करा. बारीक कामाला डाव्या अंगठ्याने पात्याची पाठ ढकला, उजवा हात फक्त दिशा देतो. (डावखुऱ्यांनी उलटं.) मांडीवर ठेवून तासू नका, कोपर गुडघ्यावर टेकवा, म्हणजे पातं गुडघ्यापलीकडे चालतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लाकडाच्या रेषेत, म्हणजे तंतूंच्या दिशेत. गोलाईवर नेहमी उंचाकडून खोलाकडे उतरा. पातं आत खेचलं जाऊन लाकूड चिरफाळायला लागलं, की जोर वाढवायचा नाही. तुकडा फिरवून उलट दिशेने या. खळग्याच्या तळाशी दोन्ही बाजूंनी उतरून मध्ये भेटायचं. पुढची कड २ मिमीपर्यंत पातळ करा, त्याहून पातळ केली तर पहिल्याच भाकरीला तुटेल.

घासकागद आधी १२०, मग २४०. पाणी लावून वाळू द्या, उभे राहिलेले तंतू २४० ने पुन्हा काढा. शेवटी कच्चं जवसाचं तेल, दोन हात, मध्ये काही दिवस. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल नको, त्यात वाळवणारी रसायनं असतात. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवा.