डेटाबेसमध्ये मराठी नावं साठवायची आणि वर्णक्रमाने लावायची कशी?

सोसायटीची सभासद यादी असो की गिरगावातल्या ग्रंथालयाचं रजिस्टर, डेटाबेस तयार करतानाच दोन गोष्टी ठरवायच्या असतात: अक्षरं कशी साठवायची, म्हणजे एन्कोडिंग, आणि कोणत्या क्रमाने लावायची, म्हणजे कोलेशन. एन्कोडिंगकडे हल्ली बहुतेकांचं लक्ष असतं. कोलेशन मात्र आपोआप येईल तेच राहतं आणि मराठीची गडबड तिथेच होते.

१. जुनी माहिती श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत आणा. हे काम नंतरवर ढकलू नका.

२. एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘मुंबई’ दिसते तीन अक्षरांची, पण चिन्हं ५ आणि बाइट १५. रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल, तर त्या हिशेबाने जागा ठेवा. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये नुसतं ‘यूटीएफ८’ घेऊ नका, ‘यूटीएफ८एमबी४’ (utf8mb4) घ्या. पहिल्यात ३ बाइटपर्यंतचीच चिन्हं मावतात. इमोजी आणि आपली मोडी लिपी ४ बाइटची आहे. अॅप्लिकेशनच्या कनेक्शनलाही हेच एन्कोडिंग द्या. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ नाव परत मिळत नाही.

३. आता कोलेशन. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. त्यामुळे नुसत्या युनिकोड क्रमाने साळवी आधी आणि सावंत नंतर लागतात. छापील यादीत बोट फिरवत नाव शोधणाऱ्या आजोबांना साळवी सापडणार कसे? मराठी यादी मराठी क्रमानेच लागली पाहिजे, यात तडजोड नको.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये हे सोपं आहे. आवृत्ती १५ पासून अख्ख्या डेटाबेसला आयसीयू (ICU, म्हणजे वेगवेगळ्या भाषांचे क्रम जाणणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) कोलेशन देता येतं. टेम्प्लेट० (template0) या कोऱ्या साच्यावरून डेटाबेस बनवा, लोकेल प्रोव्हायडर आयसीयू ठेवा आणि लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचा संकेत, ‘एमआर-आयएन’ (mr-IN) द्या. हे बनवतानाच करा, कारण तयार डेटाबेसचं एन्कोडिंग पोस्टग्रेसमध्ये बदलता येत नाही. मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी वेगळं कोलेशनच नाही. तिथे क्रमासाठी एक जादा रकाना ठेवून त्यात आयसीयूने काढलेली सॉर्ट-की, म्हणजे नावाचा क्रम ठरवणारा संकेत, भरावी लागते.

४. खरी माहिती भरण्याआधी चाचणी घ्या. सावंत, साळवी, क्षीरसागर, हळदणकर ही नावं टाकून क्रम पाहा. हळदणकर क्षीरसागरांच्या आधी यायला हवेत. मग ‘पंत’ आणि ‘पत’ समान आहेत का, असं डेटाबेसला विचारा. ‘हो’ म्हणाला, तर ते कोलेशन अनुस्वाराकडे दुर्लक्ष करतंय; मायएसक्यूएल ८ मध्ये त्याऐवजी ‘०९००_एएस_सीएस’ (utf8mb4_0900_as_cs) हे कोलेशन घ्या. ‘ऱ्हाटे’ हे नाव वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाइप करूनही शोधून पाहा. हा ‘ऱ्’ दोन तऱ्हांनी साठवला जातो, एकदा नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ने आणि एकदा ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधात एकच सापडतं. माहिती भरतानाच प्रोग्रॅममधून दोन्हींचं एकच रूप करून घ्या.