खापरात मुरलेलं अन्न कसं शोधायचं

बिनझिलईच्या मडक्यात रांधताना तेल, तूप, चरबी भिंतीत मुरते. त्यातले पामिटिक आणि स्टिअरिक आम्लासारखे संपृक्त घटक छिद्रांत अडकून तीन हजार वर्षंही टिकू शकतात. प्रयोगशाळेतलं यंत्र त्यांना बरोबर ओळखतं. घोळ होतो तो बहुतेक वेळा त्याआधी, उत्खननाच्या खड्ड्यावर.

घोड नदीकाठच्या इनामगावसारख्या (डेक्कन कॉलेजचं उत्खनन, १९६८ ते १९८३) जोर्वेकालीन (ताम्रपाषाण युगातल्या) वस्तीवर काम असेल, तर नमुन्याची खापरं धुणाऱ्यांकडे जाण्याआधीच बाजूला काढा. ब्रश नको, चुन्याचा थर काढायला ॲसिड नको, खापरावर लिहिलेल्या क्रमांकावर नेलपॉलिश तर नकोच. नायट्राइलचे हातमोजे घाला. उघड्या बोटांमुळे त्वचेच्या तेलातलं स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल चिकटतं, आणि मग ते कोलेस्टेरॉल मांसाचं की तुमचं, हे सांगता येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) उतरतात. ॲल्युमिनियम फॉइल वापरा, पण तिच्यावरही कारखान्यातलं तेल असतं, म्हणून आधी ४५० अंशांवर चार तास भाजून घ्या. ओलं खापर गुंडाळू नका. सावलीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते आणि स्वतःची चरबी मिसळते. खापराला लागून असलेली मूठभर मातीही वेगळी ठेवा, तुलनेसाठी.

निवडताना सुबक रंगीत तुकड्यांचा मोह आवरा. हंडीचा काठ आणि गळ्याखालचा भाग घ्या. पाणी घालून शिजवताना चरबी वर तरंगते आणि तिथेच जास्त मुरते. बुडाचा तुकडा अनेकदा रिकामा निघतो.

प्रयोगशाळेत आतल्या बाजूचा १ ते २ मिलिमीटर थर ड्रिलने खरवडून टाकून द्या, मग खालची १ ग्रॅम भुकटी जमवा. ड्रिल हळू फिरवा, खापर तापू देऊ नका. भुकटीत चौतीस कार्बनी अल्केन (मापासाठी वापरायचा ठरावीक मेणासारखा पदार्थ) १० मायक्रोग्रॅम घाला. चरबी किती हाती लागली ते त्यावरूनच मोजायचं. ४ मिलि मिथेनॉल ओतून १५ मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा, नंतर धूरकपाटात ८०० मायक्रोलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडा.

इथे दख्खनची माती त्रास देते. काळ्या जमिनीतला चुना खापराच्या छिद्रांत साठलेला असतो. आम्ल पडताच भुकटी फसफसते, फेस नळीच्या तोंडाशी येतो आणि चुना आम्ल खाऊन टाकतो. पुढे सगळं नीट झालंसं दिसतं, पण चरबी सुटलेलीच नसते. म्हणून आधी खापराच्या कपच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिकचा थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर आम्ल वाढवावं लागेल. फसफस पूर्ण थांबेपर्यंत झाकण लावू नका, नळी फुटते. पीएच कागद ३ च्या खाली दाखवला, की मगच ७० अंशांवर चार तास, अधूनमधून हलवत.

गार झाल्यावर सेंट्रिफ्यूज करा, २ मिलि हेक्झेनने चरबी तीनदा काढून घ्या, पोटॅशियम कार्बोनेटने उरलेलं आम्ल मारा, नत्रवायूच्या मंद झोतात सुकवा. प्रत्येक खेपेला भुकटीविना एक कोरी नळी याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. तिच्यातही चरबी दिसली, तर ती खेप बाद.

गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) खापराच्या ग्रॅममागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी चरबी आली, तर अर्थ लावू नका. पामिटिक आणि स्टिअरिक तर सगळीकडेच असतात, नुसत्या त्यांच्यावरून पदार्थ ठरत नाही. त्यासाठी दोन्हींचं कार्बन समस्थानिक मूल्य (जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण, हजारांशात) मोजून स्टिअरिकमधून पामिटिकचं वजा करतात: साधारण उणे ३.१ च्या खाली गाय, म्हैस, शेळी यांचं दूध. उणे १ पर्यंत रवंथ करणाऱ्यांची चरबी. त्यावर डुकरासारखे प्राणी किंवा वनस्पतीतेल. या रेषा मूळ युरोपातल्या जनावरांवरून आखलेल्या आहेत. आपल्याकडे गुरं ज्वारीचा कडबा खातात, ज्याचं कार्बन मूल्य वेगळं असतं, आणि एकाच हंडीत तेल, धान्य, मांस आलटून पालटून शिजतं. अशा मिश्रणाचा आकडा फसवा येऊ शकतो. तो भांड्याच्या सगळ्या वापराची सरासरी असतो, एका जेवणाचा नाही.

डाळ, तांदूळ, जव यांत चरबी मुळातच थोडी, त्यामुळे चरबी नाही म्हणून धान्य नव्हतं असं म्हणता येत नाही. इनामगावचे जळके जवाचे दाणे मातीतूनच मिळाले होते. हाडं आणि दाण्यांची नोंद समोर ठेवूनच खापराचे आकडे वाचा. ड्रिल न लागलेला अर्धा तुकडा फॉइलमध्ये, अंधारात, थंड जागी राखून ठेवा, कारण उद्या कुणाला मोजणी पुन्हा करावीशी वाटेल.